पेशीत शिरणं वेगळं, माणसांत पसरणं वेगळं: कोरोना विषाणूंचा हिशोब

वायुकोश (धागाकर्ती)

फेब्रुवारी २०२५ मध्ये एचकेयू५-सीओव्ही-२ या वटवाघळांतल्या विषाणूची बातमी आली. 'माणसाच्या पेशीत शिरू शकतो' एवढ्या एका वाक्यावरून अनेकांनी नवी साथ दारात आणून ठेवली. पेशीत शिरता येणं ही पहिली पायरी आहे. तिच्या वरच्या पायऱ्या जास्त अवघड आहेत आणि बहुतेक विषाणू तिथेच अडतात. हे नीट कळलं तर पुढच्या बातमीच्या वेळी कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे आपलं आपल्याला ठरवता येईल.

माणसाला होणारे सात कोरोना विषाणू परिचयाचे आहेत. २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१ हे चार साध्या पडशाचे. उरलेले तीन म्हणजे सार्स (२००३च्या साथीचा), मर्स (उंटांतून येणारा) आणि कोविड-१९चा विषाणू.

आता कुलूप-किल्लीचं बघू. विषाणूच्या अंगावरचं स्पाइक प्रथिन ही किल्ली, पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. सार्सचं कुलूप एसीई२. कोविडचंही तेच. आणि २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडलेल्या, पोरांना सर्दी देणाऱ्या एनएल६३चंही तेच! कुलूप एकच, पण एक विषाणू २००३ मध्ये माणसांतून नाहीसा झाला, दुसऱ्याने जग व्यापलं आणि तिसरा जगभरातल्या बहुतेक मुलांना लहानपणीच गाठतो, त्याचं नावही कुणी काढत नाही. म्हणजे नुसत्या कुलपावरून पसरण्याचा अंदाज बांधता येत नाही.

माझ्या मते दोन प्रश्नांना सगळ्यात जास्त वजन आहे: विषाणू शरीरात कुठे वाढतो आणि केव्हा वाढतो.

कुठे, याचं उत्तम उदाहरण मर्स. त्याचं कुलूप डीपीपी४. माणसात हे कुलूप मुख्यतः खोल फुप्फुसात, वायुकोशांच्या आसपास आहे, नाकात फारच कमी. उंटात मात्र ते नाकाच्या अस्तरात भरपूर आहे. म्हणून उंटाला मर्स म्हणजे नाक गळणं, आणि कळपात तो सहज फिरतो. आफ्रिकेतल्या उंटांच्या १९८०च्या दशकातल्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतही त्याच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या आहेत. माणसाला तोच विषाणू न्यूमोनिया करतो, नोंद झालेल्या रुग्णांपैकी साधारण ३५ टक्के दगावतात, पण घराबाहेर साखळी फारशी लांबत नाही. विषाणू नाक-घशात असेल तर बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडतो. तळाशी असेल तर बाहेर यायला जोराचा खोकला लागतो, नाहीतर दवाखान्यात घशात नळी घालताना तो उडतो.

केव्हा, यासाठी सार्स आणि कोविड शेजारी ठेवा. दोघांचाही सुरुवातीचा प्रसार-आकडा (एक रुग्ण सरासरी किती जणांना देतो तो) साधारण सारखाच, २ ते ३. तरी सार्स ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंवर थांबला. ५ जुलै २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने साखळी तुटल्याचं जाहीर केलं. भारतात संभाव्य रुग्ण फक्त ३ नोंदले गेले, मृत्यू एकही नाही.

फरक असा. सार्समध्ये विषाणूचं प्रमाण आजाराच्या साधारण दहाव्या दिवशी शिगेला पोचायचं. तोवर रुग्ण तापाने फणफणून दवाखान्यात दाखल झालेला असायचा. कोविडमध्ये लक्षणं सुरू व्हायच्या आसपासच, कधी आदल्या दिवशीच, शिखर येतं. म्युनिकमधल्या पहिल्या रुग्णांच्या २०२० मधल्या अभ्यासात घशातल्या नमुन्यांतून जिवंत विषाणू पहिल्या आठवड्यात वाढवता आला, आठव्या दिवसानंतर नाही.

हिशोब करून बघा. प्रसार-आकडा ३ धरू. सुरुवातीच्या अभ्यासांनुसार कोविडचा सुमारे ४० टक्के प्रसार लक्षणांच्या आधी होत होता. समजा प्रत्येक माणसाला पहिली शिंक आल्या क्षणी कोंडून ठेवलं, एकही सुटला नाही. तरी आधीच होऊन गेलेला प्रसार ३ × ०.४ = १.२. आकडा एकाच्या वर, म्हणजे साथ वाढतच राहणार. सार्समध्ये लक्षणांआधीचा वाटा जवळपास शून्य, त्यामुळे तेच विलगीकरण पुरेसं पडलं. २००३ मध्ये उपयोगी पडलेले उपाय २०२० मध्ये अपुरे ठरले याचं मुख्य कारण हे गणित आहे, यंत्रणेची हलगर्जी त्याच्या नंतर येते.

---

कासवगती

मांडणी आवडली. पण फ्युरिनचा उल्लेख कसा नाही? कोविडच्या स्पाइकवर एस१ आणि एस२ या दोन भागांच्या सांध्यात फ्युरिन हे विकर कापू शकेल अशी जागा आहे, सार्समध्ये नाही. सगळा फरक तिथेच आहे असं अनेक लेखांत वाचलं.

---

रेणुसूत्र

@कासवगती, 'सगळा फरक' म्हणता येणार नाही. सातही विषाणू तपासा. फ्युरिनची जागा ओसी४३, एचकेयू१, मर्स आणि कोविड या चौघांत आहे. २२९ई, एनएल६३ आणि सार्समध्ये नाही. आता पसरण्याशी जुळवा: मर्समध्ये असून पसरत नाही, एनएल६३ मध्ये नसून पसरतो. नियम म्हणून तो टिकत नाही.

पण कोविडच्या बाबतीत ती जागा महत्त्वाची आहे हे खरं. पेशीत शिरायचे दोन रस्ते आहेत. एक दारातून: पेशीच्या पृष्ठभागावरचं टीएमपीआरएसएस२ हे विकर स्पाइक उघडतं आणि विषाणू थेट आत जातो. दुसरा रस्ता पिशवीतून: पेशी विषाणूला गिळून पिशवीत घेते आणि तिथे कॅथेप्सिन एल ते काम करतं. पिशवीच्या रस्त्यावर आयएफआयटीएम नावाची पहारेकरी प्रथिनं असतात, ती बऱ्याच विषाणूंना तिथेच रोखतात. श्वसनमार्गाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ भरपूर असतं. स्पाइक आधीच कापून तयार असेल तर दाराचा रस्ता सोपा होतो आणि पहारा चुकतो.

२०२१ मध्ये फेरेटवर (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, सर्दीच्या संशोधनात वापरतात) प्रयोग झाला. फ्युरिनची जागा काढून टाकलेला विषाणू फेरेटच्या नाकात कमी वाढला आणि सोबत ठेवलेल्या फेरेटला गेला नाही. मूळ विषाणू गेला.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी इशारा: व्हेरो ई६ पेशींत (हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या) हा विषाणू वाढवला तर काही फेऱ्यांतच फ्युरिनची जागा गळून जाते. कारण सरळ आहे. त्या पेशींत टीएमपीआरएसएस२ जवळपास नसतं, विषाणूला पिशवीतूनच जावं लागतं, आणि तिथे आधीच कापलेलं, डगमगतं स्पाइक अडचणीचं ठरतं. मग तुम्ही अभ्यासता तो विषाणू रुग्णातल्या विषाणूसारखा राहत नाही. टीएमपीआरएसएस२ घातलेल्या व्हेरो किंवा कॅलू-३ (माणसाच्या फुप्फुसाच्या) पेशी वापरा, आणि प्रत्येक साठ्याचा जनुकक्रम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

---

पिंपळपान

रेणुसूत्र, याला जोडून विदर्भाचं उदाहरण. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या नमुन्यांत बी.१.६१७ हा वंश ठळक दिसू लागला. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर या स्पाइकमधल्या दोन बदलांचं प्रमाण वाढल्याचं सांगितलं, आणि वर्तमानपत्रांनी 'डबल म्युटंट' हे नाव चालवलं. ते नाव दिशाभूल करणारं होतं, कारण बदल दोनच नव्हते.

या वंशातले दोन भाऊ पुढे कॅप्पा आणि डेल्टा झाले. एल४५२आर दोघांत. फ्युरिनच्या जागेजवळचा पी६८१आर हा बदलही दोघांत. कॅप्पात ई४८४क्यू होता, डेल्टात त्याऐवजी टी४७८के. डेल्टा जगभर गेला, कॅप्पा मागे पडून विझला. म्हणजे पी६८१आर कितीही गाजला तरी एकट्याने बाजी मारून देत नाही. स्पाइकबाहेरचेही बदल असतात आणि संच म्हणून ते काम करतात. एका अक्षरावर साथीचं भाकीत करणाऱ्या बातम्या म्हणूनच फसतात.

---

सह्यवारा

ओमायक्रॉन तर सगळ्यांत जास्त पसरला. मग त्याची किल्ली सगळ्यांत घट्ट बसणारी होती का?

---

रेणुसूत्र

@सह्यवारा, इथे दोन गोष्टींची गल्लत होते.

पहिली: ओमायक्रॉन आला तेव्हा (नोव्हेंबर २०२१, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतून पहिली नोंद) जगातल्या बऱ्याच लोकांना लस किंवा आजार यामुळे प्रतिकारशक्ती होती. त्याच्या स्पाइकवर ३० हून अधिक बदल होते आणि जुने प्रतिपिंडं त्याला नीट पकडेनात. डेल्टाला ज्यांच्यापाशी वाट बंद होती त्यांच्यापाशी याला ती उघडी मिळाली. वेगाचा मोठा भाग हा. त्याला 'मुळातच जास्त संसर्गक्षम' म्हणणं अर्धंच खरं.

दुसरी गोष्ट मात्र वायुकोश यांच्या 'कुठे' ला पुष्टी देते. ओमायक्रॉन दाराच्या रस्त्यावर कमी अवलंबून आहे, पिशवीच्या रस्त्याने तो चांगला जातो. हाँगकाँगमध्ये माणसाच्या श्वसनमार्गाच्या ऊतींचे तुकडे घेऊन तुलना झाली. २४ तासांत श्वासनलिकेच्या ऊतीत तो डेल्टापेक्षा सुमारे ७० पट जास्त वाढला, फुप्फुसाच्या ऊतीत मात्र २०२० मधल्या मूळ विषाणूच्या तुलनेत १० पटींहून जास्त घटला. म्हणजे वर सरकला. पसरणं वाढलं आणि फुप्फुसावरचा घाव सौम्य झाला.

अधिशयन काळही (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) आखडत गेला: अल्फा सुमारे ५ दिवस, डेल्टा ४.४, ओमायक्रॉन ३.४. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जायला कमी दिवस लागले की प्रसार-आकडा तोच असूनही आलेख उभा चढतो. संपर्क शोधणाऱ्यांना हातात दिवसच उरत नाहीत.

---

तिसरी_मात्रा

सरासरीबद्दल एक पुरवणी. 'एक रुग्ण ३ जणांना देतो' याचा अर्थ प्रत्येक जण ३ जणांना देतो असा नाही. सार्समध्ये बहुतेक रुग्णांनी कुणालाच दिला नाही आणि मोजक्यांनी डझनावारी दिला. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलातल्या नवव्या मजल्यावर एका रात्रीच्या मुक्कामातून साथ व्हिएतनाम, सिंगापूर आणि कॅनडाला पोचली. संख्याशास्त्रात या विषमतेला 'के' म्हणतात: के जितका लहान तितका प्रसार थोड्या लोकांत एकवटलेला. सार्ससाठी तो सुमारे ०.१६ काढला गेला.

के लहान असण्याचा फायदाही आहे. बहुतेक साखळ्या आपोआप विझतात आणि गर्दीच्या मोजक्या जागा आवरल्या तरी खूप फरक पडतो. तोटा म्हणजे एखादा महाप्रसारक निसटला की महिन्याची मेहनत वाया.

काही माणसं इतका विषाणू का सोडतात? ब्रिटनमध्ये निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मोजून विषाणू घातला गेला. ज्यांना लागण झाली त्या १८ जणांच्या श्वासातून हवेत आलेल्या विषाणूचा ८६ टक्के वाटा फक्त दोघांचा होता, आणि लक्षणांच्या तीव्रतेवरून ते दोघे ओळखता आले नसते.

---

वायुकोश

तिसरी_मात्रा, हे मूळ लेखात यायला हवं होतं, धन्यवाद.

मर्सचं दक्षिण कोरियातलं २०१५ चं प्रकरण याच सूत्रात बसतं. आखाती देशांतून परतलेला एक माणूस, त्यातून १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. विषाणूत मोठा बदल झाला नव्हता. झालं असं की निदान व्हायच्या आत रुग्ण एकामागून एक दवाखाने फिरला. एका गर्दीच्या आपत्कालीन विभागात दुसऱ्या एका रुग्णाकडून तीन दिवसांत ८० हून अधिक जणांना लागण झाली. नातेवाईक खाटेशी बसलेले, एका खोलीत अनेक खाटा, भेटायला येणाऱ्यांची रीघ. समाजात एकाच्या खाली असलेला आकडा दवाखान्यात एकाच्या वर गेला. आपल्याकडच्या दवाखान्यांचं चित्र वेगळं नाही, म्हणून हे वाचून मला काळजी वाटते.

हज-उमरा किंवा नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं: उंटाच्या जवळ जाणं टाळा, उंटिणीचं कच्चं दूध पिऊ नका, अर्धकच्चं मांस खाऊ नका. परतल्यावर १४ दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना प्रवासाचं पहिल्या वाक्यात सांगा. आणि डॉक्टर मंडळींनी: मर्सचा संशय असेल तर नाकातल्या बोळ्यावर विसंबू नका. विषाणू खाली असतो, त्यामुळे नाकातला नमुना खोटा नकारात्मक येऊ शकतो. खोलवरून आलेला बेडका, किंवा नळी घातलेली असेल तर श्वासनलिकेतून ओढलेला स्राव पाठवा. पहिला अहवाल नकारात्मक आला तरी संशय कायम असेल तर पुन्हा पाठवा.

---

सह्यवारा

पृष्ठभागांचं काय? २०२० मध्ये भाजीसुद्धा धुऊन वाळत घालत होतो. कोविडचा विषाणू बाहेर जास्त टिकतो म्हणून जास्त पसरतो असं तेव्हा ऐकलं होतं.

---

तिसरी_मात्रा

ते तपासलं गेलं होतं. २०२० च्या सुरुवातीलाच सार्स आणि कोविडचे विषाणू एकाच यंत्रणेत शेजारी-शेजारी मोजले. हवेतल्या तुषारांत दोघांचंही प्रमाण निम्मं व्हायला सुमारे तासभर लागला. प्लॅस्टिकवर दोघेही ७२ तासांपर्यंत सापडले, पण प्रमाण फार घटलेलं. म्हणजे बाहेर टिकण्यात दोघे सारखेच, फरक माणसाच्या आत आहे.

---

उदककुंभ

प्लंबिंगचं काम बघतो, म्हणून सार्सच्या एका घटनेबद्दल लिहितो. मार्च २००३, हाँगकाँगमधली अमॉय गार्डन्स ही उंच इमारतींची वसाहत. ३०० हून अधिक रहिवासी आजारी, त्यांतले बरेचसे एकाच इमारतीतले. सार्स आतड्यांतही वाढतो, जुलाबातून पुष्कळ विषाणू जातो. तिथल्या पहिल्या रुग्णाला जुलाब होत होते.

न्हाणीघराच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात पाणी साचून राहतं आणि तेच पाणी ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात येऊ देत नाही. तिथे लोक फरशी पुसत, पाणी ओतत नसत. ट्रॅप कोरडे पडले होते. त्यात दार लावून न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू केला की बाहेर जाणाऱ्या हवेची जागा भरायला कोरड्या ट्रॅपमधून पाइपातली हवा आत ओढली जायची, तुषारांसकट.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे सहज होतं. करायचं ते असं: वापरात नसलेल्या न्हाणीघराच्या, बाल्कनीच्या आणि वॉशिंग मशीनजवळच्या जाळीत आठवड्याला दोन तांबे पाणी ओता, उन्हाळ्यात दोनदा. महिनाभर गावी जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा, बाष्पीभवन मंदावतं. ट्रॅपमध्ये पाण्याची उंची निदान ५० मिलिमीटर हवी. पाणी ओतल्यावर दोन दिवसांत पुन्हा वास येत असेल तर ट्रॅप तडकलाय किंवा व्हेंट पाइप (ड्रेनेजला हवा पुरवणारा) बंद असल्याने पाणी शोषून निघतंय. अशा वेळी फिनेल ओतत बसू नका, ट्रॅप आणि व्हेंट दाखवून घ्या. आणि एक्झॉस्ट चालू असताना दाराखाली फट ठेवा, म्हणजे हवा घरातून येईल, जाळीतून येणार नाही.

---

पिंपळपान

उदककुंभ, दाराच्या फटीचा मुद्दा खोलीच्या हवेलाही तसाच लागू आहे. वरच्या श्वसनमार्गातल्या विषाणूपुढे हवा बदलणं हा महत्त्वाचा घरगुती उपाय आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावात ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले. बंद खोली, गाणं, वेळ: तिन्ही एकत्र.

आकडे असे. तासाला खोलीतली हवा २ वेळा बदलत असेल तर तुषार ९९ टक्के कमी व्हायला १३८ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलली तर ४६, १२ वेळा तर २३. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर. ६ बदलांसाठी ताशी २०० घनमीटर हवा हवी. हेपा फिल्टरच्या (हवेतले बारीक कण गाळणाऱ्या यंत्राच्या) खोक्यावर सीएडीआर, म्हणजे किती स्वच्छ हवा मिळते, हा आकडा असतो तो याच्याशी ताडून बघा, आणि तो सगळ्यात वरच्या वेगाचा असतो हे लक्षात घ्या. आवाज होतो म्हणून मंद वेगावर ठेवला तर निम्माही मिळत नाही.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझोच्या एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरच्या दहा जणांना लागण झाली, तिथे एसी नेमका हेच करत होता. एसी लावायचाच असेल तर एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि समोरच्या भिंतीतला एक्झॉस्ट चालवा. वीज थोडी वाया जाईल, जाऊ द्या.

---

कासवगती

कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घेऊन काही कळतं का? आणि वायुकोश, पुढची 'पेशीत शिरतो' वाली बातमी आली तर नेमकं काय वाचायचं तेही सांगा.

---

वायुकोश

बातमीत या गोष्टी शोधा. प्रयोग फक्त पेशींवर झालाय की जिवंत प्राण्यांवर? प्राण्याच्या नाकात वाढला की नुसता फुप्फुसात? शेजारच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला, स्पर्श नसताना, गेला का? माणसांत रुग्ण असतील तर प्राण्यांशी संबंध नसलेले किती, आणि त्यांतून पुढे तिसऱ्या-चौथ्या माणसाला गेला का? परिचारिका आणि वॉर्डबॉय आजारी पडतायत का? विषाणूचं प्रमाण आजाराच्या कितव्या दिवशी सर्वाधिक आहे? एचकेयू५-सीओव्ही-२ च्या शोधनिबंधात पहिल्या प्रश्नापर्यंतचंच उत्तर होतं: पेशी आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या ऊती, तेही कोविडच्या विषाणूपेक्षा कमी जोमाने.

---

पिंपळपान

@कासवगती, कळतं. उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास. खोलीत १,४२० आला तर वरचे १,००० हे इतरांच्या आणि तुमच्या उच्छ्वासातले, म्हणजे दर ४० श्वासांतला एक आधी कुणीतरी घेऊन सोडलेला. ८०० च्या खाली राहिलं तर चांगलं. हेपा चालू असेल तर मात्र हा आकडा फसवतो, कारण फिल्टर तुषार पकडतो, वायू पकडत नाही. गॅसची शेगडी पेटलेली असतानाही आकडा उगाच चढतो.

यंत्र एनडीआयआर सेन्सरचंच (इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारं) घ्या. स्वस्तातली बरीच यंत्रं दुसरेच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात, अगरबत्ती लावली की उडी मारतात. घरी आणल्यावर गच्चीवर सावलीत २० मिनिटं ठेवा. ४०० ते ४५० दाखवलं तर ठीक, नाहीतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे तिथेच कॅलिब्रेट करा.